हद्दीबाहेरची घरे : पिंपरी-चिंचवड ते चाकण

नाशिक फाट्यावरून निघालेला महामार्ग भोसरी आणि मोशी मागे टाकून इंद्रायणीच्या पुलावर येतो. नदीच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, पलीकडे खेड तालुका. रस्ता मोकळा असेल तर पूल ओलांडायला मिनिटभरही लागत नाही. तो मोकळा क्वचितच असतो, हा भाग वेगळा. पण तेवढ्या अंतरात बरेच काही बदलते. अलीकडे माणशी रोज १३५ लिटर पाणी हा शहराचा निकष, पलीकडे ५५ लिटर हा खेड्याचा. अलीकडे बांधकामाची परवानगी महापालिका देते. पलीकडे कारखान्याच्या भूखंडावर ती एमआयडीसी देते, शेतजमिनीवरच्या इमारतीला पीएमआरडीए देते आणि लोकांच्या समजुतीप्रमाणे ग्रामपंचायत देते. कचरा, सांडपाणी, घरपट्टी, शाळा यांचे धनी दोन काठांवर वेगवेगळे.

एक खाते मात्र पुलावर अडत नाही. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव, हिंजवडी हा सगळा परिसर त्याच्या अखत्यारीत आला. कायदा-सुव्यवस्थेच्या दृष्टीने हा पट्टा एकच आहे, हे शासनाला पटले होते. घरे, पाणी आणि रस्ते यांच्या बाबतीत ते अजून पटायचे आहे.

या पट्ट्यात कारखाना कुठे उभा राहील हे एक संस्था ठरवते. जमिनीचे संपादन, आतले रस्ते, पाणी ही सगळी व्यवस्था तिच्या हातात असते. त्या कारखान्यात काम करणारा माणूस कुठे राहील, हे ठरवण्याची जबाबदारी मात्र कुठल्याही एका संस्थेवर नाही. गेल्या साठ वर्षांत इथे जे घडले त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा या एका विषमतेतून होतो, असे माझे मत आहे. ते कसे, हे क्रमाने पाहू.

गाडगीळांनी दाखवलेली वाट

प्रादेशिक नियोजन ही आपल्याकडे नुकतीच बाहेरून आलेली कल्पना आहे, असा समज दिसतो. तो बरोबर नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, अस्तित्वात आले आणि भोसरी, पिंपरी, आकुर्डी, चिंचवड या गावांच्या माळरानांवर भूखंड पडू लागले. टेल्को आली, बजाज आली, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप आली.

ही वाढ सुरू असतानाच, १९६५ मध्ये, राज्य सरकारने धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मुंबई-पनवेल आणि पुणे या दोन महानगर प्रदेशांच्या नियोजनाची तत्त्वे तिने सांगायची होती. गाडगीळांना पुणे अनोळखी नव्हते. गोखले संस्थेतून त्यांनी केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ अशा दोन भागांत प्रसिद्ध झालेली होती. शहरात येणारा माणूस कुठून येतो, काय कमावतो, कुठल्या खोलीत किती जणांसह राहतो, हे त्यांनी घरोघरच्या माहितीतून मांडले होते. समितीचा १९६६ चा अहवाल अशा अभ्यासकाचा होता. उद्योग एका जागी साचू देऊ नका, प्रदेशात मर्यादित आकाराची अनेक केंद्रे वाढवा, आणि त्यासाठी स्वतंत्र कायदा करून प्रादेशिक नियोजन मंडळे नेमा, असा त्याचा रोख होता.

कायदा झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आजही आपल्या सगळ्या आराखड्यांचा पाया आहे. त्याच्या नावात ‘प्रादेशिक’ हा शब्द ‘नगररचना’च्या आधी येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुण्याचा महानगर प्रदेश जाहीर झाला, मंडळ नेमले गेले, योजना तयार झाली. पुढे संपूर्ण प्रदेशासाठी नवी योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. पण प्रादेशिक योजना हा मुळात जमिनीच्या वापराचा नकाशा असतो. कुठे शेती, कुठे उद्योग, कुठे रहिवास हे तो रंगांनी दाखवतो. घरे बांधायला किंवा जलवाहिनी टाकायला त्याच्याजवळ ना पैसा असतो, ना माणसे. पिवळा रंग भरला म्हणून घर उभे राहत नाही.

पेठा आणि गुंठे

घरांचा विचार अगदीच झाला नाही असे नाही. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली. दोन वर्षांनी, १४ मार्च १९७२ रोजी, पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कल्पना नेटकी होती. शेतकऱ्यांकडून जमीन घ्यायची, तिचे आखीव विभाग पाडायचे, रस्ते-गटारे करून कामगारांना व सामान्यांना परवडतील असे भूखंड आणि घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. विभागांना ‘पेठ’ हे पुणेरी नाव मिळाले. फक्त कसबा-सदाशिवऐवजी पेठ क्रमांक २५, पेठ क्रमांक २६ असे आकडे आले. निगडी-आकुर्डीकडच्या या पेठांत आजही रुंद रस्ते आणि झाडे दिसतात. ‘मी प्राधिकरणात राहतो’ हे वाक्य या शहरात अजून थोड्या अभिमानाने उच्चारले जाते.

पण पेठा सावकाश भरल्या आणि कारखाने वेगाने वाढले. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराला सोडतीची वाट पाहत दहा वर्षे थांबता येत नव्हते. त्याला खोली आजच हवी होती. दुसरीकडे, ज्याची जमीन संपादनासाठी नोंदली गेली होती पण प्रत्यक्षात ताब्यात घेतली नव्हती, असा शेतकरी कात्रीत सापडला होता. मोबदला जुन्या दराने, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत. या दोघांची गाठ गुंठ्यावर पडली.

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एकरात असे चाळीस. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे इतके लहान तुकडे खरेदीखताने विकता येत नव्हते. म्हणून व्यवहार स्टॅम्प पेपरवर झाले, किंवा अनेकांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लागली. आधी भिंती उभ्या राहिल्या, मग वीज आली, मग नळ आला, आणि रस्ता उरलेल्या जागेतून गेला. थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, चिखली या भागांत अशा वसाहती वाढल्या. प्राधिकरणाच्या नकाशावर जिथे आरक्षण किंवा रिंगरोड होता, तिथे प्रत्यक्षात हजारो कुटुंबांची दुमजली-तीनमजली घरे होती.

पुढचा इतिहास परिचित आहे. उच्च न्यायालयाचे आदेश आले, २०१२ नंतर पाडापाडी झाली, तिला विरोध झाला. अनधिकृत घरांवर दुप्पट शास्तीकर लागला, तो थकत गेला आणि अखेर २०२३ मध्ये माफ झाला. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला, त्याची मुदत नंतर २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना लागू केली गेली. जुलै २०२५ मध्ये तर शहरी भागात एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना मान्यता देण्याचा निर्णय शासनाने विधिमंडळात जाहीर केला. म्हणजे जे घर बांधताना बेकायदा होते, ते पाऊणशे वर्षांनी कायद्यानेच आपले म्हटले. या सगळ्या काळात घर मात्र तिथेच होते, अरुंद रस्त्यावर, कमी दाबाच्या नळावर.

महापालिका ११ ऑक्टोबर १९८२ रोजी झाली. १९९७ मध्ये मोशी, चिखली, वाकड, रावेत, चऱ्होली अशी १८ गावे तिच्यात आली. या गावांचा विकास आराखडा मंजूर व्हायला साधारण दशकभर लागले, आणि नेमक्या त्याच दशकात त्यांची शेते गुंठ्यांनी भरली. लोकसंख्या १९९१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास होती, २००१ मध्ये ती दहा लाख झाली आणि २०११ मध्ये सव्वासतरा लाख. आराखडा लोकसंख्येच्या मागून धावत होता. प्राधिकरण स्वतः २०२१ मध्ये विसर्जित झाले. त्याचा विकसित भाग महापालिकेकडे आणि उरलेली जमीन पीएमआरडीएकडे गेली.

चाकण

शिवकाळ वाचलेल्यांना चाकण आठवते ते १६६० साठी. फिरंगोजी नरसाळा यांनी संग्रामदुर्ग शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजवला. नंतरच्या काळात चाकणची ओळख कांद्याच्या बाजाराची. तळेगाव-शिक्रापूर रस्ता आणि पुणे-नाशिक रस्ता इथे एकमेकांना छेदतात, म्हणून बाजार इथे भरला, आणि त्याच कारणाने कारखानेही इथे आले.

पिंपरी-चिंचवडमधली मोकळी जमीन संपत आली तेव्हा एमआयडीसीने उत्तरेला पाहिले. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या, पाठोपाठ महिंद्र. टप्पा एक, टप्पा दोन असे करत औद्योगिक क्षेत्र पाचव्या टप्प्यापर्यंत गेले. महाळुंगे इंगळे, खराबवाडी, निघोजे, नाणेकरवाडी, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, वराळे, भांबोली ही नावे मालवाहू ट्रकच्या चालकांना देशभर पाठ झाली.

पिंपरीत १९७२ मध्ये निदान एक नवनगर प्राधिकरण नेमले गेले होते. चाकणच्या वेळी तेवढेही झाले नाही. चाकण गाव २०१५ पर्यंत ग्रामपंचायत होते, जरी २०११ च्या जनगणनेतच त्याची लोकसंख्या ४१ हजारांवर गेली होती. नंतर नगरपरिषद झाली, पण कारखान्यांचे बहुतेक भूखंड तिच्या हद्दीबाहेर, आजूबाजूच्या ग्रामपंचायतींत राहिले. ज्या गावात कारखाना आहे त्याला कर मिळतो. ज्या शेजारच्या गावात त्या कारखान्याचे कामगार राहतात, त्याच्या वाट्याला त्यांचा कचरा आणि सांडपाणी येते. दोन गावांत अंतर दोन-तीन किलोमीटरचे, आणि हिशेबाच्या वह्या वेगळ्या.

म्हाडाने महाळुंगे इंगळे इथे सदनिकांची योजना केली. पण ती विकत घ्यायला कर्ज लागते, आणि कर्जाला कायम नोकरीची पगारपावती. चाकणच्या कारखान्यांत मोठ्या संख्येने काम करणारा तरुण कंत्राटी असतो; मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून, ओडिशातून आलेला. कंत्राट वर्षभराचे, कधी त्याहून कमी. त्याला विकतचे घर नको असते, भाड्याची खोली हवी असते. ती त्याला गावातला शेतकरी देतो: पत्र्याच्या बैठ्या चाळीत किंवा चार मजली इमारतीत, एका खोलीत चार-पाच जण, पाळीप्रमाणे झोपणारे. जमीन कारखान्याला गेल्यावर या खोल्यांचे भाडे हेच अनेक घरांचे उत्पन्न झाले. तेव्हा ‘अनधिकृत चाळी’ या शब्दांत जी नाराजी असते ती वापरण्याआधी हे ध्यानात घ्यावे, की भाड्याच्या घराची गरज या भागात मोठ्या प्रमाणावर कोणी भागवली असेल तर ती या चाळींनीच.

एका टप्प्याचा हिशेब

नियोजनाचे गणित वाटते तितके गूढ नसते. समजण्यापुरते आकडे घेऊ. एका औद्योगिक टप्प्यात पन्नास हजार रोजगार तयार होणार आहेत. त्यातले निम्मे लोक एकटे येतील आणि निम्म्यांचे चौघांचे कुटुंब असेल असे धरले, तर राहायला येणारी माणसे सव्वा लाख. शहराच्या १३५ लिटरच्या निकषाने त्यांना रोज सुमारे १ कोटी ७० लाख लिटर पाणी लागेल. पुरवलेल्या पाण्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे रोज जवळजवळ १ कोटी ३५ लाख लिटर मैलापाणी शुद्ध करावे लागेल. एकट्यांच्या खोल्या आणि कुटुंबांची घरे मिळून चाळीस-पन्नास हजार निवास लागतील, शाळा लागतील, दवाखाने लागतील, आणि सकाळी सात ते आठ या एका तासात हजारो लोकांना कामावर नेणारी वाहने लागतील.

हे गणित कारखान्याचा भूखंड वाटण्याच्या दिवशीच करता येते. पण ते करायचे कोणी? एमआयडीसीचे काम भूखंडाच्या कुंपणापाशी संपते. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचा पाया म्हणजे २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या आणि तिच्यावर लावलेला वाढीचा दर. पाच हजार वस्तीच्या गावाला ५५ लिटरच्या निकषाने रोज पावणेतीन लाख लिटर पाणी पुरेसे ठरते. त्याच गावात वीस हजार भाडेकरू राहत असले तरी कागदावर त्यांचे अस्तित्व नसते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची आता २०२७ मध्ये व्हायची आहे. वित्त आयोगाचा निधी वाटतानाही लोकसंख्येचा आधार २०११ चाच. चाकणच्या कारखान्यांतला आजचा पंचविशीचा कामगार त्या जनगणनेच्या वेळी आपल्या गावी शाळेत होता, आणि मोजला गेला तो तिथे.

घरमालकाच्या बाजूने पाहिले तरी घोटाळा असाच. ग्रामपंचायतीत इमारतीची नोंद झाली, नमुना ८ चा उतारा मिळाला, घरपट्टी भरली, वीजमीटर बसला. त्याच्या दृष्टीने घर पक्के. करआकारणीची नोंद म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हे त्याला नोटीस आल्यावर कळते.

पाण्याचा उलटा प्रवास

अनेक सत्तांच्या प्रदेशात काय होते हे पाण्याइतके स्पष्ट कशातच दिसत नाही.

पिंपरी-चिंचवड जगते ते मावळातल्या पवना धरणावर. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलले जाते. वाटेत ते गळते, मैले होते, म्हणून धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकायची योजना महापालिकेने आखली. शहराच्या बाजूने ती रास्त होती. पण मावळातला शेतकरी नदीच्या वाहत्या पाण्यावर उपसा करतो. पाणी नळात गेले तर नदीत काय उरेल, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो विचारण्याची त्याला जागा नव्हती. महापालिकेत त्याचे मत नव्हते. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मरण पावले. योजना बारा वर्षे थांबली. दरम्यान शहर वाढत राहिले आणि नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झाले. तीन माणसांचे प्राण गेले, आणि शहराची तहानही भागली नाही. दोन्ही बाजूंना बसवून हा व्यवहार ठरवणारी समिती त्या वेळी असती, तर प्रश्न रस्त्यावर यायच्या आधी एखाद्या टेबलावर आला असता.

आता उत्तरेकडे पाहा. भामा आसखेड धरण खेड तालुक्यात आहे, चाकणहून फार लांब नाही. त्यातले पाणी जलवाहिनीने चाकणजवळच्या कुरुळी इथे येते, तिथे शुद्ध होते आणि पुढे पुण्याच्या पूर्व भागाला, वडगाव शेरी-खराडीकडे जाते. ही योजना २०२१ च्या जानेवारीत सुरू झाली. पिंपरी-चिंचवडसाठीही या धरणातला आणि आंद्रा धरणातला हिस्सा राखून ठेवला आहे. आंद्राचे पाणी इंद्रायणीत सोडून निघोजे बंधाऱ्यावर उचलतात आणि नदीपलीकडे चिखलीच्या केंद्रात शुद्ध करतात. निघोजे आणि कुरुळी ही दोन्ही औद्योगिक पट्ट्यातली, भाडेकरूंनी भरलेली गावे. त्यांच्या शिवारातून दोन महानगरांचे पाणी जाते आणि तिथल्या चाळींत टँकर येतो. यात कोणी कोणाचे पाणी पळवले असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात महापालिकांनी रीतसर मागणी केली, तिच्यामागे अभियंते, सल्लागार आणि पैसा होता. ग्रामपंचायतीकडे यातले काहीच नव्हते, म्हणून तिची मागणी तेवढ्या ताकदीने रांगेत उभीच राहिली नाही.

पाणी वापरल्यावर नदीकडे परत येते. इंद्रायणीच्या एका काठावर महानगरपालिका, दुसऱ्या काठावर ग्रामपंचायती आणि औद्योगिक क्षेत्र, वरच्या अंगाला लोणावळा, तळेगाव, देहू या गावांची सांडपाणी. आळंदीत वारीच्या दिवसांत पाण्यावर फेस येतो तेव्हा प्रत्येक काठ दुसऱ्याकडे बोट दाखवतो. शुद्धीकरण केंद्र एका काठावर बांधले तर नदी अर्धी शुद्ध होत नाही. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार पाडले गेले. तिथे राहणाऱ्यांची आयुष्यभराची बचत पाण्यात गेली, आणि नकाशावरची रेषा घर बांधायच्या आधी दिसायला हवी, हे त्यांना सगळ्यांत महाग पडून कळले.

दहा वर्षे आणि एक रद्द आराखडा

या विस्कळीतपणावर उत्तर म्हणून ३१ मार्च २०१५ रोजी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झाले. सुमारे सात हजार चौरस किलोमीटर, दोन महानगरपालिका, तीन छावण्या, नगरपरिषदा आणि आठशेहून अधिक गावे यांचा हा प्रदेश. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. त्यावर ६० हजारांहून अधिक हरकती आल्या. आराखडा करण्याचा अधिकार प्राधिकरणाचा की महानगर नियोजन समितीचा, हा वाद उच्च न्यायालयात गेला. अखेर २०२५ मध्ये शासनाने तो प्रारूप आराखडाच रद्द केला. दहा वर्षांनी प्रदेश पुन्हा पहिल्या पानावर आला.

या वादातली समिती कोणती, हे समजून घेतले पाहिजे. ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, दहा लाखांवर लोकवस्ती असलेल्या प्रत्येक महानगर प्रदेशासाठी अशी समिती नेमणे बंधनकारक केले. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या प्रदेशातल्या नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. म्हणजे निघोजेचा सरपंच आणि मोशीचा नगरसेवक एका टेबलाशी बसतील अशी जागा घटनेनेच आखून दिली आहे. प्रत्यक्षात अशा समित्यांना स्वतःचे कार्यालय, तज्ज्ञ आणि निधी यांपैकी काही मिळत नाही. आराखडा प्राधिकरणाचे अधिकारी आणि सल्लागार करतात, समितीपुढे तो मंजुरीसाठी येतो. ज्यांच्या गावातून रेषा जाणार, त्यांना ती तयार झाल्यावर कळते, आणि उरतो तो हरकतीचा अर्ज. ६० हजार हरकतींचा अर्थ विकासाला विरोध असा लावणे चूक आहे. त्या सगळ्या उशिरा मिळालेल्या निमंत्रणाच्या पोचपावत्या आहेत.

एकमेकांशी न बोलण्याची किंमत रस्त्यांवरही दिसते. पुण्याभोवती रिंगरोड हवा हे सर्वमान्य आहे. म्हणून एक रस्ते विकास महामंडळ आखते आहे आणि दुसरा पीएमआरडीए. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. तो हवाच आहे. पण रोज तिथे अडकणारा माणूस कारखान्यापासून इतका लांब का राहतो, हा प्रश्न पुलाने सुटत नाही.

एक जुने उदाहरण, दोन जवळची

चाकणमध्ये जर्मन मोटारी बनतात, तेव्हा उदाहरणही तिथलेच घेऊ. पश्चिम जर्मनीतले रूर खोरे म्हणजे कोळसा आणि पोलाद यांचा पट्टा. एसेन, डॉर्टमुंड, बोखुम अशी एकमेकांना चिकटलेली अनेक शहरे. पहिल्या महायुद्धानंतर युद्धभरपाईसाठी कोळशाचे उत्पादन वाढवणे भाग होते, त्यासाठी खाणकामगार मोठ्या संख्येने वसवायचे होते. एकट्या कुठल्या शहराला ते शक्य नव्हते. १९२० मध्ये कायद्याने या शहरांचा आणि जिल्ह्यांचा एक संघ झाला. शहरे बरखास्त झाली नाहीत, त्यांच्या नगरपालिका तशाच राहिल्या. पण प्रदेशभरचे मुख्य रस्ते, राखून ठेवायची हिरवी जमीन आणि वसाहतींच्या जागा यांचा निर्णय संघाकडे गेला, आणि खर्चासाठी प्रत्येक सदस्य वर्गणी देऊ लागला. पुढे त्याचे अधिकार कमी-जास्त झाले, नावे बदलली, पण शंभर वर्षांनंतरही तो संघ काम करतो. त्याची सुरुवात कामगाराच्या घरापासून झाली होती, ही गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची.

असे आपल्याकडे जमत नाही म्हणावे, तर जमलेलेही आहे. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. दोन महापालिका ६०:४० या प्रमाणात तिचा भार उचलतात. तिच्या तक्रारी अनंत असतील, पण हद्द ओलांडणारी सेवा आणि खर्चाची ठरलेली वाटणी या दोन गोष्टी तिने सिद्ध केल्या. तिची बस चाकणलाही जाते.

दुसरे साधन आणखी जुने. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने देशात प्रथम ‘नगररचना योजना’ आणली. तिच्यात जमीन कायमची संपादित होत नाही. अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र मांडून रस्ते, शाळा, बागा यांची जागा काढतात, आणि उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांनाच परत देतात. क्षेत्र कमी होते, पण रस्त्याला लागून आल्यामुळे किंमत वाढते. हिंजवडीलगतच्या म्हाळुंगे-माण इथे पीएमआरडीएने अशी योजना हाती घेतली आहे. प्राधिकरणाच्या काळात जी गाठ बसली, जमीन सरकारची की शेतकऱ्याची, ती इथे थोडी सैल होते.

पुढची हद्द

ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी चाकणच्या कोंडीची पाहणी करताना जिल्ह्यात तीन नव्या महानगरपालिकांची गरज बोलून दाखवली. त्यात चाकण आणि हिंजवडी ही दोन नावे होती. नवी महापालिका आली तर काही गावांचे पाणी ५५ वरून १३५ लिटरच्या निकषावर जाईल, हा फायदा खरा आहे. पण १९९७ चा अनुभव सांगतो की हद्द वाढवून आराखडा मागून आणला, तर मधली वर्षे गुंठ्यांची असतात. आणि चाकण महापालिका झाली तरी तिचे धरण, तिची नदी, तिचा महामार्ग आणि तिचे कामगार हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहणारच.

त्यामुळे हद्दीबरोबर तीन गोष्टी ठरायला हव्यात. एमआयडीसीचा नवा टप्पा जाहीर होईल त्याच अधिसूचनेत भाड्याच्या घरांची जमीन आणि त्यांचे पाणी राखले जावे. केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली तेव्हा ही गरज मान्य केलीच होती, आणि चाळी बांधणारे शेतकरी या कामात भागीदार होऊ शकतात. दुसरे, कारखान्यांच्या करातला ठरावीक वाटा कामगार जिथे राहतात त्या गावांना मिळावा. तिसरे, महानगर नियोजन समितीला कार्यालय, अभियंते आणि निधी मिळावा, म्हणजे मावळचा शेतकरी आणि निगडीचा नळधारक यांचा व्यवहार बोलून होईल.

यातले काहीच नवे नाही. गाडगीळांनी प्रदेश एकत्र पाहायला सांगितला त्याला जवळजवळ साठ वर्षे झाली, घटनेने टेबल मांडले त्याला तीसहून अधिक. २०२७ मध्ये प्रगणक कुरुळीच्या, निघोजेच्या, खराबवाडीच्या चाळींत जाईल आणि एकेका खोलीतली माणसे मोजेल. ते आकडे हाती येण्याच्या आत त्या माणसांसाठी जागा कुठे राखायची, हे ठरवायला अजून वेळ आहे.